दलदलीवरचा लोहमार्ग

पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली बैलगाडी हाकण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला असेल. रिकामी गाडी निघून जाते, भरलेली रुतते. मग हजारो टनांची मालगाडी कशी रुतत नाही? रूळ पोलादाचे खरे. पण त्यांच्याखाली अखेर मातीच असते ना!

ह्या प्रश्नाची एक मोठी कसोटी इंग्लंडात लागली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या वाटेत चॅट मॉस ही अफाट दलदल होती. शहाणा एंजिनिअर इथून रेल्वे नेणार नाही, अशी साक्ष १८२५ साली पार्लमेंटच्या समितीपुढे झाली. ते बिल बारगळले. पुढल्या वर्षी मंजुरी मिळाली आणि काम जॉर्ज स्टीफन्सनकडे आले. अठरा वर्षांचा होईपर्यंत ह्या गृहस्थाला लिहिता-वाचता येत नव्हते, हे शिक्षकबंधूंनी मुलांना अवश्य सांगावे.

भराव टाकावा आणि दलदलीने तो गिळावा, असे आठवड्यामागून आठवडे चालले. काम सोडून देण्याची भाषा सुरू झाली. पण स्टीफन्सन हटला नाही. त्याने चर खणून पाण्याला वाट दिली. मग झुडपे आणि काटक्यांचे विणलेले ताटवे, आपल्या कुडासारखे, अंथरून त्यांवर भराव घातला. त्यामुळे वजन एका जागी न पडता पसरले. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग खुला झाला, आणि आजही तेथून गाड्या धावतात.

आज साधने बदलली, तत्त्व तेच आहे. चाकाचा भार रुळावरून स्लीपरवर, स्लीपरवरून खडीवर आणि खडीतून मातीवर पसरत जातो. मात्र पाणी तुंबले, की दर चाकासरशी चिखल खडीत वर चढतो, खडीची पकड जाते आणि रूळ खचतो. आपली काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून तिच्यावर निवडक मुरूम किंवा खडी-कचीचा दाबलेला थर देतात. डब्याच्या एकेका आसावर वीस-पंचवीस टन भार येऊ लागल्यापासून ह्या थराचे महत्त्व फारच वाढले आहे.

मुलांना हे पटवायचे असेल तर ओल्या मातीत आधी टाचेवर उभे करा, मग फळीवर. टाच रुतेल, फळी तरेल. आणि गाडीने जाल तेव्हा रुळांकडेचा चर जरूर पाहा. तो मोकळा ठेवणाऱ्या माणसाच्या खोऱ्यावर आपला प्रवास अवलंबून असतो.