गोवा : डिसेंबर १९६१ च का?

१७ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्रीनंतर भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीत शिरले आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. तिच्या शेवटाला कारण झालेल्या निर्णयामागचा खरा हेतू कोणता, हा वाद मात्र साठ वर्षे उलटली तरी मिटलेला नाही.

सरकारने तेव्हा दिलेले कारण चिथावणीचे होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार झाला. पुढच्या काही दिवसांत एका मच्छीमाराचा बळी गेला. या घटना खऱ्या आहेत. पण त्यांच्या जोडीने, गोव्यात पोर्तुगालने मोठी लष्करी जमवाजमव चालवली आहे, असे जे सांगितले जात होते, ते टिकत नाही. गोव्यातले पोर्तुगीज सैन्य त्या वेळी साडेतीन हजारांच्या आसपास होते आणि पन्नाशीच्या दशकातल्या संख्येच्या मानाने ते घटलेले होते. चिथावणी हे निमित्त म्हणून पुरते. कारण म्हणून ते तोकडे पडते.

म्हणूनच दुसरी मांडणी पुढे आली. फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते आणि त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी होते. गोवा घेतला तो मेनन यांच्या मतपेटीसाठी, असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही लिहिले जाते. मेनन यांना विजयाचा फायदा झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले. पण फायदा झाला म्हणून तोच हेतू होता, असे म्हणणे म्हणजे पावसाने छत्रीवाल्याची चांदी झाली, म्हणून पाऊस त्यानेच पाडला म्हणण्यासारखे आहे. काँग्रेसची सत्ता त्या निवडणुकीत मुळीच धोक्यात नव्हती. ४९४ पैकी ३६१ जागा तिला मिळाल्या. एका मंत्र्याच्या मतदारसंघासाठी नेहरूंनी जगभरातली आपली प्रतिमा पणाला लावली, हे पटायला जड जाते.

तिसरी मांडणी चीनची. १९५९ पासून सीमेच्या प्रश्नावर संसदेत नेहरूंवर सतत हल्ले होत होते आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना जोर चढला होता. हिमालयात जे दाखवता येत नव्हते, ते मांडवीच्या तीरावर दाखवले, असा हा तर्क. चौथी मांडणी आफ्रिकेची. १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर दिल्लीत परिसंवाद भरला, तेव्हा आफ्रिकी नेत्यांनी भारताला सुनावले, की तुमच्या दारातली वसाहत तुम्ही सहन करता आणि आम्हाला धीर देता. आशिया-आफ्रिकेचे नेतृत्व करू पाहणाऱ्या नेहरूंना हे झोंबले असणार.

या दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. तरीही चारही मांडण्यांत एक समान उणीव राहते. ‘युद्ध का’ आणि ‘तेव्हाच का’ हे दोन प्रश्न त्या एकच समजतात. गोवा भारतात यावा ही इच्छा १९६१ मध्ये जन्मली नव्हती. तेव्हा कोणता नवा हेतू निर्माण झाला, हे विचारण्यापेक्षा जुनी इच्छा इतकी वर्षे कशाने अडवून धरली होती आणि तो अडसर केव्हा निघाला, हे विचारणे अधिक फलदायी आहे.

अडसर एक नव्हता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता. भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव दिला. लिस्बनने तो झिडकारला आणि १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव दिले. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी हीच ‘प्रांता’ची भाषा पोर्तुगालच्या बरोबरीने वापरली. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे असताना गोव्यात बळ वापरले, तर आपलीच बाजू लंगडी पडेल, ही भीती होती. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात धाव घेतली आणि तो दावा चार वर्षांहून अधिक काळ चालला. शिवाय शस्त्राविना प्रश्न सोडवण्यावरचा नेहरूंचा विश्वास हा केवळ देखावा नव्हता.

आता तारखा पाहा. एप्रिल १९६० मध्ये हेगचा निकाल लागला. सैन्य नेण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतमुक्तीचा ठराव केला आणि पाठोपाठच्या एका ठरावात गोव्यासह पोर्तुगालचे ‘प्रांत’ हे स्वशासन नसलेले प्रदेश ठरवले. मार्च १९६१ मध्ये केनेडींच्या अमेरिकेने अंगोलाच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या विरोधात मत दिले. ऑगस्टमध्ये दादरा-नगर हवेली घटनादुरुस्तीने भारतात सामील झाली आणि जगाने विशेष गलका केला नाही. दीड वर्षात दाराच्या कड्या एकेक करून निघाल्या. अंजदीव, चीन, आफ्रिका आणि निवडणूक यांनी दाराला शेवटचा धक्का दिला, एवढेच.

सर्व अडसर निघाले होते असे नाही. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ अखेरपर्यंत कारवाई लांबवण्याची गळ घालत होते. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. पण त्या चारांत सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. आफ्रिका-आशियाचा हिशेब चुकला नव्हता, हे तिथे दिसले.

मग हेतू मिश्र होते म्हणून गोवामुक्ती गढूळ ठरते का? पाश्चात्त्य टीकाकारांनी तसे म्हटले आणि त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे हेतू पूर्ण शुद्ध असल्याचे ठासून सांगण्याची सवय पडली. दोन्ही बाजू केवळ दिल्लीकडे पाहतात. मुक्तीचा न्याय्यपणा दिल्लीच्या मनावर अवलंबून नव्हता. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभेची बंदी मोडली, तेव्हा दिल्लीत इंग्रजांचेच सरकार होते.

दिल्लीला जाब विचारायचाच, तर तो घाईचा नाही, उशिराचा विचारावा लागतो. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर गेले, पोर्तुगीज गोळ्यांनी वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर आपल्याच सरकारने सामूहिक सत्याग्रह थांबवला आणि नाकेबंदीवर भिस्त ठेवली. सबुरीमागची कारणे वर दिली आहेत. ती खोटी नव्हती. पण तिची किंमत दिल्लीने मोजली नाही. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती लागले आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आले. पणजीवर तिरंगा फडकला तेव्हा ते कोठडीत होते. त्यांची सुटका झाली १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर.