१२.६ शिष्यवृत्त्यांचा हिशेब

अमेरिकेत मूल चांगलं पळायला लागलं की त्याचं कॉलेज फुकट होतं, असा आपल्याकडे समज आहे. इथे हर्नडनमध्येही तो ऐकू येतो. खरा हिशेब वेगळा आहे.

कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९५६ मध्ये खेळाच्या शिष्यवृत्तीला उघड मान्यता दिली. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी मात्र १९५४ च्या करारातच तिला नकार दिला, तो आजही कायम आहे. पुढे १९७२ मध्ये 'टायटल नाइन' कायदा आला आणि मुलींना बरोबरीची संधी देणं बंधनकारक झालं. मोठ्या विद्यापीठांत एकटा फुटबॉल मुलांच्या ८५ शिष्यवृत्त्या घ्यायचा. मग तोल सांभाळायला इतर खेळांत मुलांना कात्री! ट्रॅक आणि क्रॉस कंट्री मिळून मुलांना १२.६, मुलींना १८. संघात ३० मुलं धरली तर सरासरी वाटा ४२ टक्के. सुसाट पळणाऱ्याला जास्त, बाकीच्यांना चिल्लर किंवा शून्य.

आता पालकांचं गणित बघा. व्हर्जिनियाच्या रहिवाशाला व्हर्जिनिया टेक किंवा जवळच्या जॉर्ज मेसनमध्ये फी बरीच कमी पडते. परराज्यातल्या विद्यापीठाने ४० टक्के सूट दिली तरी घरचं कॉलेज शिष्यवृत्तीशिवायही स्वस्त पडू शकतं. म्हणून शहाणे पालक कोचचं कौतुक ऐकून घेतात आणि आधी फीचा आकडा विचारतात.

आमच्या शेजारच्या रेस्टनच्या ॲलन वेबने २००१ मध्ये शाळेत असतानाच मैल ३:५३.४३ मध्ये पळून जिम रायनचा १९६५ चा शालेय विक्रम मोडला. तो मिशिगन विद्यापीठात गेला आणि वर्षभरात व्यावसायिक धावपटू झाला. स्वप्नं अशा एकावर बेततात, वाटणी उरलेल्यांत होते.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्तीची मर्यादा उरली नाही, पण ट्रॅकच्या संघात ४५ च जागा. म्हणजे पैसे वाढू शकतात, पण स्वखर्चाने संघात शिरणाऱ्या साध्या मुलाचं दार अरुंद झालं.

आपल्याकडे बीडचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, धावपटू म्हणून घडला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकला. तिथे पळणाऱ्या मुलाचं घर भरतीकडे बघतं, इथे कॉलेजच्या फीकडे. घड्याळातल्या सेकंदांवर घरखर्चाचं गणित मांडणं मात्र दोन्हीकडे सारखंच.