मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात: काय आहे ‘अब्राहमिक फॅमिली हाऊस’?

ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लीम हे तिघंही अब्राहमला, म्हणजेच इब्राहिमला, आपला पूर्वज मानतात. या नात्यावरूनच अबू धाबीच्या सादियात बेटावरच्या संकुलाला हे नाव मिळालं.

सुरुवात कशी झाली?
४ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस आणि इजिप्तमधल्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्येब यांनी अबू धाबीत मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्यातून ही कल्पना पुढे आली. मार्च २०२३मध्ये संकुल लोकांसाठी खुलं झालं.

वेगळं काय?
तिन्ही इमारती घनाकृती आणि सारख्याच उंचीच्या आहेत. दिशा मात्र वेगळ्या: मशीद मक्केकडे, चर्च पूर्वेकडे, सिनेगॉग जेरुसलेमकडे. प्रार्थना ज्याची त्याची, बाग सगळ्यांची. सिनेगॉगला १२व्या शतकातले ज्यू विद्वान मोझेस बेन मायमन यांचं नाव आहे. ते इजिप्तच्या मुस्लीम दरबारात वैद्य होते आणि त्यांनी बरंचसं लेखन अरबीत केलं.

यामुळे भांडणं मिटतील का?
नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझा युद्ध पेटलं. इमारती युद्ध थांबवत नाहीत. पण ‘सगळे धर्म एकच’ असं न म्हणताही शेजारी म्हणून राहता येतं, हे इथे दिसतं.