झरणी, शाई आणि नोंदवही

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक म्हणून जितके परिचित आहे, त्याहून अधिक ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी परिचित आहे. आमच्या बालपणी त्या बाजारात दावी, कासरे आणि घुंगरमाळा विकणाऱ्यांच्या ओळीत एक वृद्ध गृहस्थ पोते अंथरून बसत. त्यांच्यापुढे पत्र्याची पेटी असे आणि तीत निबा, टोपणे, ड्रॉपर व मेणाची डबी. वडील बैल पाहण्यास गेले की आम्हांला त्यांच्यापाशी बसवून जात. "पेन उघडायला भ्यायचं नाही बाळा, उघडता येत नाही ते आपलं नव्हे," असे ते म्हणत. या वाक्याचा अर्थ उमगण्यास आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली.

ज्याला आपण फाउंटन पेन म्हणतो आणि भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी ज्याला 'झरणी' असे गोड नाव दिले, ते साधन मुळात परदेशी. बोरू आणि टाक घडोघडी दौतीत बुडवावे लागत. शाई लेखणीच्या पोटातच साठवावी, ही कल्पना जुनी. पण ती शाई एकदम ओघळू नये आणि अडूही नये, हे साधणे कठीण होते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली या कामी पेटंट मिळविले. निबेखालच्या जिभेला त्यांनी बारीक चिरा दिल्या. शाई त्यांतून खाली उतरते आणि तितकीच हवा वर जाते. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त पेनातही मूळ तत्त्व हेच आहे.

हे साधन आपल्याकडे रुजले ते स्वदेशीच्या वाऱ्यावर. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटच्या, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराच्या, दांड्या चरकावर कातून पेने घडविली. १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी त्यांना आभाराचे पत्र पाठविले. आपल्या मुंबईत त्याआधी, १९३१ साली, गिरगावात दांडेकर बंधूंनी 'हॉर्स' छापाची शाईची पूड व गोळ्या विकण्यास आरंभ केला. पुढे पेनाच्या शाईसाठी त्यांनी उंटाचे चिन्ह घेतले आणि त्यातून 'कॅम्लिन' हे घरोघरी पोचलेले नाव जन्मास आले. त्या कंपनीची सूत्रे २०११ साली जपानच्या कोकुयोकडे गेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, तेव्हा देशी पेनांना बाजार मिळाला. शेतकऱ्याच्या मुलाच्या खिशाला पेन लागले ते त्यानंतर.

ही स्वस्त पेने बहुधा ड्रॉपरने भरावयाची असत. आत रबरी पिशवी नाही, दट्ट्या नाही. पेनाची नळी हीच शाईची टाकी. बिघडण्याजोगे फारसे काही नसल्यामुळे घरच्या घरी दुरुस्ती शक्य होई. आट्यांतून शाई पाझरली तर त्यांवर मेणाचा हलका हात फिरवावा. शाई उतरेना, तर निबेच्या चिरेतून ब्लेडची पातळ कड हळूच ओढावी. निब व जीभ यांत फट पडली, तर एबोनाइटची जीभ गरम पाण्यात धरून बोटाने निबेला चिकटेल अशी दाबावी. आठवड्या-पंधरवड्याने सारे सुटे करून साध्या पाण्याने धुवावे. उकळत्या पाण्याने मात्र नव्हे, कारण प्लॅस्टिकची नळी वाकते.

याहून एक पाऊल पुढे जाणारेही असत. कारखान्यातून येणाऱ्या निबेचे टोक गोल असते. त्याने अक्षराच्या सर्व रेषा सारख्या जाडीच्या उमटतात. देवनागरीचे सौंदर्य मात्र बोरूच्या तिरक्या कापात, जाड-बारीक रेषांच्या मेळात वाढलेले. म्हणून कित्येक शिक्षक साधी निब कुरुंदाच्या दगडावर घासून तिला तिरका काप देत. परदेशी यंत्राला मराठी वळण लावण्याचा हा प्रकार. अशी निब लवकर झिजे, पण नवी घेण्यास फार पैसे पडत नसत.

आता शाईविषयी. जुनी निळी-काळी शाई हिराकस आणि माजूफळासारख्या तुरट द्रव्यांपासून होई. लिहिताना दिसावे म्हणून तीत निळा रंग घालीत. कागदावर हवा लागली की त्यातील लोह काळे पडून कागदाच्या धाग्यांत रुते. मग पाण्याने ते निघत नसे. तिचा दोष एवढाच की ती आम्लयुक्त असल्याने पोलादी निबेस गंज चढवी आणि पेनात वाळली तर जीभ तुंबवी. महागड्या पेनांना सोन्याची निब बसविण्याचे हेही एक कारण होते. टिकाऊ शाई हवी, तर पेन धुण्याचे कष्ट चुकत नाहीत.

हे कष्ट आम्ही एकदा चुकविले. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत एका धर्मग्रामात स्नानसंस्काराची नोंदवही आमच्या हाती होती. पेन धुण्याचा कंटाळा म्हणून आम्ही धुतली जाणारी गडद निळी शाई भरू लागलो. एका पावसाळ्यात छप्पर गळले व कपाटात पाणी शिरले. आम्ही पाने वाळविली, वही मिटली आणि विसरलो. पुढे सुमारे वीस वर्षांनी त्या गावची एक मुलगी लग्नासाठी दाखला मागण्यास आली. तिच्या नावाच्या जागी आकाशी डाग होता. त्याच कपाटातील १९३० च्या दशकातल्या वहीवरही पाण्याचे वर्तुळ उमटले होते. पण त्यातील अक्षर न् अक्षर शाबूत होते. ते लिहिणारे धर्मगुरू आपले पेन धूत असले पाहिजेत.

कॅनन लॉच्या ८७६व्या कलमानुसार एका विश्वसनीय साक्षीदाराचे निवेदनही पुरते. तिच्या धर्ममातेने सांगितले आणि संस्कार सिद्ध झाला. जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, एवढे आईस स्मरत होते. मागच्या-पुढच्या नोंदींवरून वर्ष ठरले आणि जुन्या पंचांगावरून तारीख. ती मुलगी एक शब्द रागाने बोलली नाही. "फादर, माझं नाव परत लिहाल ना?" एवढेच तिने विचारले. तो प्रश्न आमच्या कानांतून गेलेला नाही.

आज बहुतेक लोक बॉलपेनने लिहितात, ते संपले की टाकून देतात. आणि नोंदी संगणकात जातात. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु जेथे अजून हाताने लिहिले जाते, तेथे शाईच्या बाटलीवरील मजकूर वाचून घ्यावा. 'निळी-काळी' असे नाव असलेली प्रत्येक शाई आता लोहाची असतेच असे नाही. आमचे पेन साधेच आहे. त्याची निब आम्ही तीनदा बदलली. दर शनिवारी रात्री ते उघडतो आणि धुतो. पाणी निळे होते, फिके होते आणि शेवटी नितळ होते. मग काष्टीच्या बाजारातले ते वृद्ध गृहस्थ आठवतात, आणि आम्ही पुन्हा शाई भरतो.