पेंटबॉलचा व्हॉल्व आणि ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न



गेल्या वर्षी आमच्या रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीच्या बैठकीत मी एक व्हॉल्व दाखवला. व्हॅक्यूम चेंबरमध्ये काही मिलिसेकंदांपुरता वायूचा झटका सोडणारा. सात महिने त्यावर घालवले होते आणि स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘नवीन रचना’. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “पेपर बघितलेत हे दिसतंय. पेटंटं बघितलीत का?”

नव्हती बघितली. त्या रात्री बसून शोधलं तर माझ्या रचनेचं मूळ तत्त्व सापडलं, पण कुठे? पेंटबॉल खेळण्याच्या बंदुकीत! सिनॉप्सिसमधलं एक उद्दिष्ट मला पुन्हा लिहावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून या बंदुकांचा, म्हणजे ‘मार्कर’चा, इतिहास थोडक्यात सांगतो. पेटंट कसं वाचायचं हे शिकायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला तरी मिळालं नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ. पेंटबॉल म्हणजे ०.६८ इंच, साधारण १७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ३ ग्रॅम वजनाची, रंग भरलेली जिलेटिनची गोळी. खेळाच्या मैदानावर वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर. गणित करून बघा, ऊर्जा येते जेमतेम १२ जूल. त्यापेक्षा जोरात सोडली तर समोरच्याला इजा होऊ शकते, आणि झटका फार कडक बसला तर गोळी नळीतच फुटते. म्हणजे व्हॉल्वने दर वेळी तेवढाच वायू, तेवढ्याच वेळात सोडायला हवा.

हे करायची सगळ्यात जुनी युक्ती तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गॅस सिलिंडरची टोपी काढली की आत छोटी पिन दिसते. ती दाबली की गॅस येतो, सोडली की आतला दाब आणि स्प्रिंग मिळून तोंड बंद करतात. हाच पॉपेट व्हॉल्व. पिन दाबण्याऐवजी तिच्यावर स्प्रिंगच्या जोरावर हातोडा आपटा, की क्षणभर उघडून आपोआप बंद होणारा व्हॉल्व तयार. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेली जिरार्डोनी यांची हवेची रायफल याच तत्त्वावर चालायची.

आता १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत या. मिशिगनमधल्या नेल्सन पेंट कंपनीला जंगलातली तोडायची झाडं आणि कळपातली जनावरं लांबून रंगाने खुणावण्यासाठी साधन हवं होतं. गोळ्या औषधांच्या जिलेटिन कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीकडून आल्या. पिस्तूल डेझी या एअरगन कंपनीने बनवलं, ‘नेल-स्पॉट ००७’. १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं.

त्याचं पेटंट, क्रमांक ३७८८२९८, जेम्स हेल यांच्या नावावर जानेवारी १९७४ मध्ये मंजूर झालं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: ट्रिगरने हातोडा मोकळा करणारी खिटीची रचना असलेली, दाबलेल्या वायूची बंदूक. आता थांबा आणि विचार करा. यात नवीन काय सांगितलंय? व्हॉल्व? नाही. हातोड्याने उघडणारा व्हॉल्व दोनशे वर्षं जुना होता. शीर्षकाचा भर आहे खिटीवर. म्हणजे इथे बंदुकीवर मालकी सांगितलेली नाही, तिच्यातल्या एका ठरावीक जुळणीवर सांगितली आहे. आणि यात खेळाचं नावसुद्धा नाही, कारण खेळच नव्हता. तो सुरू झाला २७ जून १९८१ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या जंगलात. १२ जण खेळले, आणि जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नाही!

खेळ वाढला तसा प्रश्न बदलला. झाड जागेवर उभं असतं, त्याला एक गोळी पुरे. समोरचा खेळाडू पळतो. दर गोळीनंतर हाताने खटका ओढणं जड जाऊ लागलं. यावर तीन वेगळी उत्तरं आली. पहिलं, ब्लोबॅक: सुटलेल्या वायूचाच थोडा भाग मागे वळवून त्याने हातोडा पुन्हा खिटीत अडकवायचा. दुसरं, बड ऑर यांचं ऑटोकॉकर: माणसाचा हात जे करतो तेच छोट्या न्यूमॅटिक सिलिंडरकडून करून घ्यायचं. तिसरं, एअरगन डिझाइन्सच्या टॉम के यांचं ऑटोमॅग, १९९० च्या सुमाराचं. त्यात हातोडाच काढून टाकला. रेग्युलेटर एक छोटा कक्ष ठरावीक दाबाने भरतो. पुढे सरकू पाहणारा बोल्ट खिटीने अडवलेला असतो. ट्रिगर ओढला की आत येणारा वायू बंद होतो, खिटी सुटते, बोल्ट पुढे जातो आणि कक्षातला वायू गोळीमागे मोकळा होतो. मग स्प्रिंग बोल्टला परत आणते.

मोजून भरलेला कक्ष, खिटीने अडवलेला दट्ट्या, स्वतःच उघडणारी वाट. अगदी हीच माझी ‘नवीन रचना’. तिचं पेटंट १९९२ साली मंजूर झालेलं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी!

इथे रेग्युलेटर का आला, हेही बघा. द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार असतो, शून्य अंशाला सुमारे ३५. भराभर गोळ्या झाडल्या की द्रवाचं बाष्प होताना नळकांडं गार पडतं आणि दाब उतरतो. गोळ्यांचा वेग वाढला म्हणून उष्मागतिकी आडवी आली. एक प्रश्न सोडवला की दुसरा पुढे येतो. पेटंटं तारखेनुसार लावून वाचली की हे सगळं समोर घडताना दिसतं.

शेवटचा टप्पा विजेचा. खिटीचं काम सर्किट आणि सोलेनॉइड व्हॉल्वकडे गेलं. स्मार्ट पार्ट्स कंपनीचं शॉकर आणि ब्रिटनच्या डब्ल्यूडीपीचं एंजल ही यातली सुरुवातीची नावं. स्मार्ट पार्ट्सचा पहिला अर्ज जानेवारी १९९६ चा. अमेरिकेत ‘कंटिन्युएशन’ नावाची सोय आहे: जुनं वर्णन तेच ठेवून, जुन्याच तारखेच्या आधारावर नवे दावे मांडता येतात. कंपनीने ती वापरली आणि नंतरच्या दाव्यांची व्याप्ती वाढत गेली. त्यांच्या बळावर इतर उत्पादकांकडे परवाना शुल्काची मागणी झाली, काही प्रकरणं कोर्टात गेली, आणि खेळाडूंमध्ये बराच राग निर्माण झाला. वीस वर्षांच्या हिशेबाने त्या पहिल्या अर्जावर आधारलेल्या पेटंटांची मुदत २०१६ मध्ये संपते. कंपनी मात्र २०१० मध्येच बंद पडली.

हेल यांच्या शीर्षकात एक खिटी होती. इथे विजेवर चालणाऱ्या मार्करची जवळजवळ पूर्ण वाटच दाव्यात आली. दावा किती रुंद, यावर एवढं अवलंबून असतं.

तर तुम्ही काय करायचं? साहित्य आढाव्याला बसाल तेव्हा गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचा शोध, तिन्ही उघडा. फक्त शब्दांवर विसंबू नका. मी ‘मॉलिक्युलर बीम’ टाकून शोधलं असतं तर पेंटबॉल कधीच सापडला नसता. वर्गीकरणाचा क्रमांक धरून शोधा, दाबलेल्या वायूच्या बंदुकांसाठी तो ‘एफ४१बी ११’ आहे. पेटंट उघडलं की आकृत्यांनंतर थेट शेवटचे दावे वाचा, त्यातही पहिला दावा दोनदा. वर्णनात लेखक सगळं यंत्र समजावतो, पण माझं काय आहे ते फक्त दाव्यात सांगतो. मग त्या पेटंटने कुणाला उद्धृत केलंय आणि पुढे त्याला कुणी केलंय, ते दोन्ही दिशांनी बघा.

माझ्या कामाचं पुढे काय झालं? दावा आक्रसला. आता सिनॉप्सिसमध्ये व्हॉल्वचं तत्त्व जुनं असल्याचं स्पष्ट लिहिलंय. माझं म्हणून उरलंय ते व्हॅक्यूमच्या बाजूचं सील आणि झटक्याची लांबी बदलायची पद्धत. दोनच गोष्टी, पण पुढच्या बैठकीत ‘यात नवीन काय?’ असं विचारलं तेव्हा मला एका वाक्यात उत्तर देता आलं.

तुमच्या विषयाचं ते एक वाक्य आजच वहीत लिहा. मग ते खोटं ठरवणारं पेटंट शोधायला बसा. सापडलं तर वाईट वाटेल, पण सात महिन्यांनंतर वाटण्यापेक्षा आत्ता वाटलेलं बरं.