परगावचा श्रोता आणि त्याचे गाणे

गाव सोडून दूर देशी वस्ती करणाऱ्या मनुष्यास अन्न, निवारा आणि मुलांची शाळा या गोष्टी थोड्याफार खटपटीने मिळतात. कानांची भूक मात्र बराच काळ तशीच राहते. जे गाणे देवळाच्या सभामंडपात, शेजाऱ्याच्या माडीवर आणि उत्सवाच्या रात्री न मागता ऐकू येत होते, ते परक्या ठिकाणी शोधावे लागते. हा शोध मराठी व कोकणी माणसाने गेल्या दीडशे वर्षांत कसा केला, याचा विचार करण्यास सुरत हे नगर फार उपयोगी आहे.

सुरतेचे नाव निघताच आपल्याला १६६४ आणि १६७० या दोन सालांची, फार तर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण होते. परंतु इतिहासाच्या पुस्तकांबाहेरचे नाते याहून दृढ आहे. १८६४ साली मुंबई आणि सुरत ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. पुढे तापीच्या खोऱ्यातून भुसावळपर्यंत रूळ पडले आणि खानदेशचा शेतकरी नदीच्याच वाटेने सुरतेच्या मागांवर येऊ लागला. आज उधना, लिंबायत या भागांत मराठी आणि अहिराणी बोली सहज कानी पडते. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होती. त्या दिवशी मधे सीमा आली. गोमंतकीयांची स्थिती तर आणखी निराळी. सुरतेच्या दक्षिणेस असलेले दमण हे गोव्याप्रमाणेच डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते. तेथून सुरतेस येणे म्हणजे खरोखरीच एका देशातून दुसऱ्या देशात येणे होते.

आकाशवाणीच्या पूर्वी परगावच्या श्रोत्याचा आधार म्हणजे राजाश्रय. सुरत शहर इंग्रजांचे असले, तरी दक्षिणेस नवसारी आणि उत्तरेस बडोदे ही गायकवाडांची होती. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली बडोद्यास गायनशाळा सुरू झाली. दरबारातले गाणे सामान्य घरांतील मुलांस शिकता यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली. मिरजेस जन्मलेल्या हिराबाईंनी बडोदेकर हे नाव लावले, यावरून या दोन प्रदेशांच्या सुरांची देवघेव किती जवळची होती हे दिसून येते.

ही देवघेव एकाच दिशेने चालली असे मात्र कोणी समजू नये. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर बाहेर पडले, ते बडोदे आणि काठेवाड या मार्गाने. तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल करण्याचा धाडसी प्रयोग त्यांनी काठेवाडातच केला. दरबाराचे निमंत्रण नसलेला साधा मनुष्यही चार पैसे देऊन श्रोता होऊ शकतो, हा विचार तेथे रुजला. पुढे त्यांच्याच हाताखाली खंबायतकडचा एक गरीब मुलगा तयार झाला. ते पंडित ओंकारनाथ ठाकूर होत. लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयाचे काम पाहून ते सुरतेच्या उत्तरेस असलेल्या भडोच येथे आले व तेथे त्यांनी संगीताची शाळा काढली. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून देशाने जे 'वंदे मातरम्' ऐकले, ते याच गुजराती शिष्याच्या कंठातून.

नभोवाणी आली आणि श्रोत्याचे जग पालटले. पण एका रात्रीत नव्हे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. दोनशे साठ किलोमीटरांवरच्या सुरतेस त्याचा उपयोग बेताचाच. १९३८ साली मुंबईहून लघुलहरींचे प्रक्षेपण सुरू झाल्यावर दूरचे ऐकू येऊ लागले. १९४९ साली अहमदाबाद-बडोदे केंद्र सुरू झाले. टपाल कचेरीतून परवाना काढावा, छपरावर एरियलची तार ताणावी आणि रात्री काटा हळूहळू फिरवीत मुंबईचे मराठी गाणे खरखरीतून वेगळे काढावे, हा त्या पिढीचा नित्यक्रम होता. ज्या घरी संच असे त्या घराचा ओटा शेजाऱ्यांनी भरून जाई.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. परगावी एकट्या पडलेल्या रसिकास त्यामुळे मोठमोठ्या गवयांची मैफल घरबसल्या मिळाली, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण त्यांनी चित्रपटगीतांना दार बंद करताच श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. हार्मोनियमचीही अशीच गोष्ट. १९४० साली नभोवाणीने पेटीस बंदी केली, ती सुमारे तीन दशके टिकली. पण त्या सर्व काळात देवळातले भजन पेटीवाचून झाले नाही. सरकारी फर्मानापेक्षा देवळातला सूर अधिक चिवट ठरला.

गोमंतकीयांसाठी तर नभोवाणी मातृभूमीची सीमा ओलांडणारे साधन झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात सरहद्दीवरच्या रानातून गुप्त केंद्र चालविले आणि कोकणीतून मुक्तीचा संदेश गोव्यात पोहोचविला. देश परका असला, तरी भाषेच्या लहरींना जकातनाका अडवीत नाही.

आता प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष गाण्याचा. मंगेशीच्या सोमवारच्या पालखीची ज्यास सवय, त्याने सुरतेत कोठे जावे? याचे उत्तर सुरतेच्याच मंदिरांत आहे. पुष्टिमार्गाच्या हवेल्यांत मंगलेपासून शयनापर्यंत दिवसाची आठ दर्शने असतात. त्या त्या प्रहरास आणि ऋतूस योग्य अशा रागांत अष्टछाप कवींची पदे पखवाजाच्या साथीने गाण्याची तेथे परंपरा आहे. सुरतेतील श्रीबालकृष्णलालजींचे पीठ या संप्रदायात मोठ्या मानाचे. सभामंडपात वाढलेल्या कानास भाषा निराळी वाटेल, पण धृपद-धमाराची ती चाल आणि देवापुढे गाण्याची ती नम्रता अनोळखी वाटणार नाही. जो परगावी जाऊन केवळ आपलेच गाणे शोधतो, त्यास निम्मेच मिळते; जो तेथील देवळाच्या दारात उभा राहतो, त्याचे कान श्रीमंत होतात.

आज खिशातल्या यंत्रावर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. सुरतेतच काय, सातासमुद्रापार राहणाऱ्या मराठी कुटुंबासही गाण्याची वाण नाही. वाण आहे ती बरोबर बसून ऐकणाऱ्यांची. पूर्वीच्या एका संचाभोवती दहा माणसे बसत, म्हणून मुलांस राग कोणता आणि दाद कोठे द्यावी हे न शिकविता समजे. आता दहा माणसांच्या कानांत दहा निरनिराळी गाणी वाजतात. अशाने गाणे राहील, परंतु श्रोता राहणार नाही. आणि श्रोता नाहीसा झाला की परगावी जन्मलेल्या तिसऱ्या पिढीस ते गाणे केवळ आजोबांचा एक छंद वाटेल.

यावर उपाय जुनाच आहे. महिन्यातून एक दिवस ठरवावा, एखाद्याच्या घरी अथवा देवळात सतरंजी अंथरावी, नवशिक्या गायकास बोलवावे, शेजारच्या गुजराती कुटुंबासही आमंत्रण द्यावे आणि मुलांना पुढच्या रांगेत बसवावे. राजे गेले, परवाने गेले, एरियलच्या तारा उतरल्या. परगावी गाणे जगविण्याचे काम आता श्रोत्यांकडेच आले आहे.