एका कुरणात दोन घोडे

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्याकडे एक सद्गृहस्थ आले. (ओळख पटू नये इतका तपशील आम्ही येथे बदलला आहे.) त्यांचा घोडा आणि त्यांच्या एका जुन्या स्नेह्याचा घोडा गावाबाहेरच्या एकाच कुरणात सोडलेले असत. कुरण तिसऱ्याचे, देखभालीचे पैसे दोघेही त्याला दरमहा मोजत. आदल्या सायंकाळी स्नेह्याच्या घोड्याची लाथ बसून यांच्या घोड्याच्या पायाचे हाड मोडले आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने त्या मुक्या जीवाची वेदना संपवावी लागली. गृहस्थ घोड्यासाठी रडले, आणि मग डोळे पुसून म्हणाले, "दावा लावायचा."

त्याच दिवशी दुपारी ते स्नेहीही आमच्या दाराशी आले. सकाळी एका पक्षाचे ऐकून घेतल्यावर त्याच कज्ज्यात दुसऱ्याचे ऐकणे वकिलाच्या धर्मात बसत नाही. म्हणून आम्ही त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठविले. जाता जाता ते एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, मी तर तेथे नव्हतोही. घोड्याने घोड्याला मारले, यात माझा दोष कोणता?"

हा प्रश्न त्या गृहस्थांना त्या दिवशी सुचला असला तरी मनुष्यजात तो निदान पावणेचार हजार वर्षे विचारीत आली आहे. तिने त्याला निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे क्रमाने पाहू.

सर्वांत जुने ज्ञात उत्तर मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायद्यात सापडते. त्याच्या मृत्तिकापट्टिका बगदादजवळच्या तेल हरमल येथे १९४५ व १९४७ मध्ये उत्खननात मिळाल्या. त्यातील एक कलम असे : एका बैलाने दुसऱ्या बैलाला शिंगाने मारून ठार केले, तर दोन्ही मालकांनी जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्या बैलाचे कलेवर निम्मे निम्मे वाटून घ्यावे. यहुद्यांच्या धर्मग्रंथातील निर्गम नावाच्या भागातही हाच नियम जवळजवळ याच रूपात आला आहे.

या नियमातील हिशोब पाहण्यासारखा आहे. समजा, दोन्ही बैल वीस-वीस नाण्यांचे होते आणि मेलेल्याच्या कलेवराची किंमत चार नाणी आली. वाटणीत प्रत्येकाला बारा नाणी मिळतात. म्हणजे प्रत्येकाचे आठ नाण्यांचे नुकसान होते. दोष कोणाचा हे न्यायाधीश विचारीतच नाही. दोन पशू एकत्र आले, त्यांच्या स्वभावानुसार घडायचे ते घडले, आता आपत्ती दोघांनी सारखी सोसावी, एवढाच त्याचा निवाडा. या नियमात उणीवही उघड आहे. हलक्या बैलाला भारी बैलाने मारले, तर हलक्या बैलाच्या मालकाला नुकसानीऐवजी लाभच व्हायचा. तरीही समान पशूंपुरता हा निवाडा असा आहे की तो ऐकून दोन शेजारी एकाच वाटेने घरी जाऊ शकतील.

निर्गमातील नियमाला मात्र पुढे एक पुरवणी आहे, आणि साऱ्या पुढच्या इतिहासाचे बीज तीत आहे. बैल मारका आहे हे पूर्वीपासून ठाऊक असूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर वाटणी नाही : त्याने बैलाला बैल भरून द्यावा आणि मेलेला आपण घ्यावा. नियतीच्या जागी येथे मालकाचे ज्ञान येऊन उभे राहिले.

रोमन लोकांनी तिसराच प्रश्न विचारला : आगळीक कोणत्या पशूची? त्यांच्या द्वादशपट्ट कायद्याच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून, पशूने केलेल्या नुकसानीबद्दल मालकाने एक तर भरपाई द्यावी किंवा तो पशूच स्वाधीन करावा, असा दंडक होता. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने संकलित करविलेल्या न्यायग्रंथात क्विंटस म्युकियस या जुन्या विधिज्ञाचे मत नोंदले आहे. दोन मेंढे किंवा दोन बैल झुंजून एक मेला, तर मेलेला आगळीक करणारा होता की काय ते पाहावे. असेल तर दावा नाही, नसेल तर दावा चालेल. तर्काला हे सुंदर दिसते. परंतु रिकाम्या कुरणात पहिली लाथ कोणी झाडली याचा साक्षीदार आणावयाचा कोठून? ज्याने न्यायालयात उलटतपासणी घेतली आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

रोमन विचाराची एक शाखा आपल्या गोव्यापर्यंतही पोचली होती. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात अंमलात आली. तीत पशूने केलेल्या नुकसानीबद्दल मालक जबाबदार धरला जाई. आपल्याकडून चूक वा हयगय झाली नाही हे त्याने सिद्ध केले तरच त्याची सुटका होई. सिद्ध करण्याचे ओझे घोडा गमावलेल्याच्या शिरावरून उचलून घोडा असलेल्याच्या शिरावर ठेवले होते, हे लक्षात घ्यावे.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र आला तो इंग्लंडचा विचार, आणि आमच्या न्यायालयांनी भरपाईच्या बाबतीत बहुतांशी तोच मार्गदर्शक मानला. त्याचा इतिहास तीन निवाड्यांत सांगता येतो, आणि तिन्हींत घोडेच आहेत. १८६५ च्या 'ली विरुद्ध रायली' या दाव्यात प्रतिवादीची घोडी, जे फाटक दुरुस्त ठेवणे त्याचे कर्तव्य होते त्या मोडक्या फाटकातून शेजारच्या रानात शिरली आणि तिने तेथील घोड्याला लाथ मारली. प्रतिवादी जबाबदार ठरला. १८७४ च्या 'एलिस विरुद्ध लॉफ्टस आयर्न कंपनी' या दाव्यात घोडा पलीकडे गेलाही नव्हता. त्याने तारेच्या कुंपणातून तोंड व पाय पलीकडे घालून शेजारच्या घोडीला चावे घेतले व लाथा मारल्या. तेवढे अतिक्रमणही पुरेसे ठरले. पण १९२३ च्या 'मँटन विरुद्ध ब्रॉकलबँक' या दाव्यात घोडा व घोडी दोघेही एकाच कुरणात आणि दोघेही अधिकाराने होते. घोडीने घोड्याला इजा केली. अपील न्यायालयाने सांगितले की घोडी अशी खोडकर आहे हे मालकाला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही, म्हणून तो जबाबदार नाही.

मर्म एवढेच : कुंपण ओलांडून मारले तर भरपाई, कुंपणाच्या आत, संमतीने एकत्र ठेवलेल्यांत मारले तर खोड आधी ठाऊक असल्याचा पुरावा आणा. ज्याने शेजाऱ्याला परके मानून मध्ये कुंपण घातले त्याला कायद्याने अधिक संरक्षण दिले, आणि ज्याने विश्वासाने कुरण वाटून घेतले त्याला कमी! इंग्लंडने १९७१ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा करून जुने नियम बदलले. तरी पाळीव पशूच्या बाबतीत त्याच्या विशिष्ट स्वभावाची मालकाला असलेली माहिती हा मुद्दा त्याही कायद्यात कायम राहिला. आणि ज्याने आपण होऊन धोका पत्करला त्याला भरपाई नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

आता आपल्या शास्त्रांकडे वळू. येथे वाचकांस एक निराळीच दृष्टी आढळेल. आपल्या शास्त्रकारांनी दोन मालकांच्या भांडणापेक्षा मालक आणि राखणारा यांच्या नात्याकडे अधिक लक्ष दिले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्वामी आणि पाल यांच्या विवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. दिवसा जनावराची जबाबदारी पालाची, रात्री ते मालकाच्या घरी असेल तर मालकाची. रात्रीही ते पालाकडेच असेल तर जबाबदारी पालाचीच. पालाने पुरुषप्रयत्न न केल्यामुळे जनावर हरवले, कुत्र्यांनी मारले किंवा अडचणीच्या जागी पडून मेले, तर ते पालाने भरून द्यावे. याज्ञवल्क्यानेही हाच विचार मांडला : सकाळी जशी सोपविली तशी जनावरे सायंकाळी परत द्यावीत. त्यावरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, सहावा विक्रमादित्य राज्य करीत असता लिहिली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांपासून ती जागा फार दूर नाही. देवाला सोडलेल्या पशूंना आणि दहा दिवसांच्या आतील व्यालेल्या गाईला शेतात शिरल्याबद्दल मनूने दंडातून सूट दिली आहे. पण ती सूट उभ्या पिकाच्या नुकसानीपुरती आहे, हे देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी विसरू नये.

कौटिल्य तर याहून बारकाईने पाहतो. त्याचे अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये म्हैसूरहून प्रसिद्ध केले. कळपातील वळूवर दुसरा वळू घालून त्याला पाडविणाऱ्याला त्यात पूर्वसाहसदंड सांगितला आहे आणि मारविणाऱ्याला उत्तमसाहसदंड. हेतुपुरस्सर झुंज आणि सहज घडलेली इजा यांतील भेद येथे स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही प्राणी झुंजविणे हा गुन्हा ठरविला. गोव्यातील धिरयोचा प्रश्न त्याच पोटातला आहे. परंतु आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती अश्वाध्यक्षाच्या प्रकरणातील एक साधी सूचना : घोड्या, वळूघोडे आणि शिंगरे यांची ठाणी वेगवेगळी असावीत. इतरांनी इजा झाल्यावरचा न्याय सांगितला. कौटिल्याने इजा होऊ नये म्हणून पागा कशी बांधावी ते सांगितले.

स्वामी आणि पाल यांचा हा विचार आजच्या कायद्यातही जिवंत आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यासाठी ज्याच्या ताब्यात दिली त्याने ती सामान्य शहाणा मनुष्य स्वतःची वस्तू सांभाळील तशी सांभाळली पाहिजे. आणि वस्तूला हानी पोचली तर आपण तशी काळजी घेतली हे दाखविणे त्याच्याकडे येते. त्याच कायद्यात वस्तू देणाऱ्याने तिचा ज्ञात दोष सांगितला पाहिजे असे कलम आहे. तेथे कायदेमंडळाने दिलेले उदाहरण अवखळ घोड्याचेच आहे : घोडा अवखळ आहे हे ठाऊक असून न सांगता दुसऱ्याला वापरावयास दिला आणि तो उधळून स्वार पडला, तर घोडा देणारा जबाबदार.

हे सारे मनात ठेवून आम्ही आमच्या पक्षकाराला एक प्रश्न विचारला : लाथ बसली तेव्हा घोडे काय करीत होते? उत्तर आले, "दाणा खात होते. गव्हाण एकच आहे ना." ज्याने घोडे पाळले आहेत तो जाणतो की दाण्याच्या वेळी एकाच गव्हाणीवर दोन घोडे म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यात दोघांच्याही मागच्या पायांचे नाल काढलेले नव्हते. दोन स्नेही एकमेकांवर दात खात होते, आणि ज्याला मनूने पाल म्हटले असते त्याचे नावही कोणी घेतले नव्हते!

परंतु येथेच कायद्याची मर्यादा येते. तो कुरणवाला गरीब होता. हुकूमनामा मिळाला असता, पैसे मिळाले नसते. कायद्याने जबाबदार आणि देण्यास असमर्थ अशा मनुष्यासमोर सारी कलमे मुकी होतात. आणि तेथेच विम्याचा विचार सुरू होतो.

विमा दोन प्रकारचा असतो आणि लोक नेहमी गफलत करतात. एक स्वतःच्या घोड्याचा : तो अपघाताने वा रोगाने मेला, तर दोष कोणाचाही असो, विमापत्राच्या अटींप्रमाणे किंमत मिळते. उपचाराचा खर्च त्यात बहुधा नसतो, आणि घोड्याला मुक्ती देण्यापूर्वी पशुवैद्याचा दाखला व विमा कंपनीला त्वरित सूचना लागते. दुसरा तिऱ्हाईताप्रतीच्या जबाबदारीचा : त्यातून पैसे तेव्हाच मिळतात जेव्हा विमेदार कायद्याने जबाबदार ठरतो. आमच्या पक्षकाराच्या स्नेह्याने असा विमा उतरविला असता तरी, त्याच्या घोड्याची खोड त्याला ठाऊक असल्याचा पुरावा नसता, कंपनीने एक रुपयाही दिला नसता. शिवाय विमेदाराच्या स्वतःच्या ताब्यातील परक्या जनावराला झालेली इजा असे विमापत्र पुष्कळदा वगळते. म्हणजे कुरणवाल्याने ते कलम वाचून निराळी तरतूद करून घेतली पाहिजे. आणखी एक : स्वतःच्या घोड्याचे पैसे कंपनीने दिले की मालकाचा दाव्याचा हक्क तिच्याकडे जातो, आणि ती तुमच्या स्नेह्यावर तुमच्याच नावाने दावा लावू शकते.

म्हणून ज्यांना एका कुरणात घोडे सोडावयाचे आहेत त्यांनी आधी पाच ओळींचा कागद करावा. प्रत्येकाने आपल्या घोड्याची ज्ञात खोड लिहावी. दाणा वेगळा द्यावा. नवा घोडा प्रथम कुंपणापलीकडे ठेवून ओळख करून द्यावी. प्रत्येकाने आपल्या घोड्याचा विमा आपण उतरवावा. आणि हयगय नसता झालेल्या इजेबद्दल एकमेकांवर दावा करणार नाही असे लिहून ते विमा कंपनीला आधीच कळवावे.

विमा म्हणजे तरी काय? अनेकांनी थोडे थोडे हप्ते भरून एकाची आपत्ती वाटून घेणे. एश्नुन्नाच्या न्यायाधीशाने दोघांत जे केले तेच हजारोंत. मधल्या काळात दोष कोणाचा हे शोधण्यात कायद्याने पुष्कळ बुद्धी खर्ची घातली, आणि ती व्यर्थ गेली असे आम्ही म्हणणार नाही. हयगय करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जेथे खरोखरच कोणाचा दोष नाही तेथे वाटणीचाच न्याय उरतो.

आमच्या पक्षकाराने दावा लावला नाही. आम्हीच तसे सांगितले. त्यांनी पुढे दुसरा घोडाही घेतला. त्या स्नेह्याशी त्यांचे बोलणे मात्र आजही बंद आहे. पाच ओळींचा तो कागद त्यांनी वेळीच केला असता, तर गेला असता तो फक्त घोडा.